एक यंत्र, दोन उंबरठे

अबू हमूरमध्ये उन्हाळा सुरू झाला की घर आतल्या आत मिटतं. बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास, वाऱ्याबरोबर बारीक रेती. म्हणून काचा बंद, पडदे ओढलेले आणि एसीची अखंड घरघर. दोहाच्या दक्षिण अंगाच्या या वस्तीत भारतीय शाळा जवळ, म्हणून आपली माणसं इथं घर शोधतात. पुष्कळदा मिळतो तो एखाद्या मोठ्या व्हिलाचा पाडून दिलेला भाग: एक हॉल, एक बेडरूम, आणि शेजारची फोडणी ऐकू येईल इतकी पातळ भिंत. एवढ्याशा जागेत नवरा-बायको दोघांपैकी कुणालाच एकटं बसायला कोपरा उरत नाही.

म्हणूनच संगणकावरच्या वेगवेगळ्या खात्यांविषयी मला इतक्या जिव्हाळ्यानं लिहावंसं वाटतं. आमच्याकडे हॉलमध्ये डेस्कटॉप आहे आणि घरभर फिरणारा एक लॅपटॉप. दोन्हींवर दोघांची खाती निरनिराळी. जो बसेल तो आपल्या नावावर टिचकी मारतो आणि आपल्या जागेत शिरतो. नवऱ्याकडे साइटची ड्रॉइंग्ज, एक्सेलच्या शीट्स, इंग्रजी कीबोर्ड. माझ्याकडे मराठी कीबोर्ड, अक्षरं थोडी मोठी, आणि ‘अर्धवट’ नावाचं एक फोल्डर. त्यात न पाठवलेली पत्रं आहेत, मधेच सोडलेल्या कविता आहेत, नोकरीसाठी पुन्हापुन्हा लिहिलेला अर्ज आहे. यात लपवण्यासारखं काहीही नाही. पण कुणी इतक्यात वाचावं असंही काही नाही. नवऱ्यानंसुद्धा.

फॅमिली व्हिसावर इथं आलं की बाईचं नाव कागदोपत्री नवऱ्याच्या नावाखाली जातं. तिचा आरपी, म्हणजे रहिवासाचा परवाना, त्याच्या स्पॉन्सरशिपवर. मुदत संपत आली की नूतनीकरण करायचं तेही त्याच्या ‘मेट्राश’ या सरकारी ॲपवरून. घराचा करार, इंटरनेटचं कनेक्शन बहुधा त्याच्याच नावावर. यात त्याचा दोष नाही, व्यवस्थाच तशी आहे. पण सकाळी स्कूलबस गेल्यावर घर शांत होतं, मी खुर्चीत बसते आणि पडद्यावर माझं नाव येतं, तेव्हा त्या दोन अक्षरांचं मोल मला फार वाटतं.

ही सोय काही आजची नाही. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकच महागडा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, तर प्रत्येकाच्या फाइली आपापल्या राहायला हव्यात. त्या राखण्यासाठी पासवर्ड आला. सामान्य घरांत ही पद्धत रुळली ती २००१च्या विंडोज एक्सपीनंतर. नावं आणि चित्रं असलेला तो निळा पडदा अनेकांना आठवत असेल. एका यंत्राभोवती एकत्र नांदायचं ठरलं, म्हणूनच खातं जन्माला आलं.

नाशिकहून मावशी राहायला आली होती. आमचं हे नावं बदलून बसणं पाहून म्हणाली, “नवरा-बायकोत कसली गं आली कुलपं?” मी तिला तिच्याच आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, माहेरून आलेल्या पेटीची आठवण दिली. किल्ली आजीच्या कमरेला असायची. आजोबांनी त्या पेटीला कधी हात लावला नाही, आणि त्यांच्या संसारात विश्वास नव्हता असं कुणी म्हटलं नाही. आमची खाती ही तशीच पेटी आहे. मावशी हसली आणि बराच वेळ आईच्या पेटीविषयीच बोलत राहिली.

इथं एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. नुसती दोन नावं पडद्यावर आली म्हणजे झालं असं नाही. विंडोजवर ज्याच्या हाती ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार, तो साध्या खात्यातल्या फाइली परवानगीचं एक बटण दाबून उघडू शकतो. बहुतेक घरांत ते अधिकार नवऱ्याकडे असतात, कारण संगणक त्यानं बसवलेला असतो. मग बायको तिथंही भाडेकरूच. आम्ही दोघांची खाती साधी ठेवली आहेत. ॲडमिनिस्ट्रेटरचं तिसरं खातं फक्त नवं काही बसवताना उघडतं आणि त्याचा पासवर्ड दोघांनाही ठाऊक आहे. तरीही शेवटचं कुलूप एकमेकांच्या सभ्यतेचंच. कायदा इतक्या आत येत नाही. कतारनं २०१६ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी १३ क्रमांकाचा कायदा केला. पण कुटुंबाच्या खासगी वर्तुळात माणसं जी माहिती हाताळतात ती त्यानं बाहेरच ठेवली. उंबरठ्याच्या आतलं आपलं आपणच राखायचं.

आणि परदेशात राहताना आजारपण, अपघात यांचा विचार टाळता येत नाही. एकाला काही झालं तर दुसऱ्यानं विम्याचे कागद, बँकेची पत्रं कुठून काढायची? म्हणून समाईक कागद दोघांना उघडतील अशा फोल्डरमध्ये ठेवावेत. आपापले पासवर्ड कागदावर लिहून दोन बंद पाकिटांत घालावेत. येत्या सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून हे काम उरकून टाका. पाकिटं पासपोर्टांच्या शेजारी ठेवा, आणि गरज पडेपर्यंत ती फोडू नका.