शेवटची गाडी

आमच्या धर्मग्रामातील तरुणांनी जानेवारीतल्या एका शनिवारी मोटारसायकलींची फेरी आखली. सोलापूरहून तुळजापूर, तेथून नळदुर्ग आणि परत, असा सुमारे सव्वाशे किलोमीटरांचा मार्ग. गाड्यांना आशीर्वाद द्यावा, अशी त्यांची विनंती होती. इटलीतील कास्तेल्लाझ्झो गावच्या मरियामातेला पोप बारावे पायस यांनी 1947 साली मोटारसायकलस्वारांची आश्रयदात्री ठरविले आहे. तेव्हा विनंतीत वावगे काही नव्हते. तरीही मी टाळाटाळ करीत होतो. अशातच एक आई भेटायला आली. ‘‘फादर, आमचा ऐकत नाही. तुम्हीच नको म्हणा त्याला.’’

मी नको म्हटले नाही. बरोबर जायचे ठरविले. अर्थात मागच्या आसनावर बसून. गेल्या वीस वर्षांत मी मोटारसायकलचे हँडल धरलेले नाही.

सकाळची मिस्सा आटोपून, गाड्यांवर पवित्र जल शिंपडून निघालो. माझी गाडी शेवटची होती. सर्वांत सराईत स्वार पुढे असणार, अशी माझी समजूत. पण तो मागे होता, हत्यारांची पिशवी घेऊन. पुढच्याच्या लगेच मागे सर्वांत नवखा मुलगा, म्हणजे त्या बाईंचा लेक. त्याच्या बेताने साऱ्यांचा वेग. सरळ रस्त्यावर गाड्या डावी-उजवी अशा तिरक्या ओळीत, वळणावर मात्र एकामागे एक. तुळजापूरच्या घाटात प्रत्येक जण वळणाआधीच वेग उतरवी, वळणात शिरल्यावर नाही. ‘‘नजर दरीकडे गेली की गाडीही तिकडेच जाते, फादर,’’ माझा सारथी म्हणाला. सेमिनरीत मोहावर ऐकलेली कित्येक प्रवचने मला आठवली.

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर 1613 साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, बांधलेला बंधारा आहे आणि त्याच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून नर आणि मादी नावाचे दोन धबधबे कोसळतात. आम्हाला कोरडी भिंतच दिसली. तरीही त्या गार दालनातून मुले लवकर निघेनात.

परतताना त्या नवख्या मुलाच्या गाडीची साखळी तुटली. कोणीही पुढे गेले नाही. लिंबाच्या सावलीत दुरुस्ती चालू असता एकाने विचारले, ‘‘फादर, तुम्ही गाडी का सोडलीत?’’

आजवर हे मी कोणाला सांगितले नव्हते. मराठवाड्यातील मिशनमध्ये असताना नाताळच्या रात्री तिसऱ्या गावची मिस्सा गाठायची होती. उशीर झाला होता. मागे आमचे मास्तर बसले होते. ‘‘फादर, हळू घ्या,’’ असे ते दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत अंधारातली बिनकंदिलाची बैलगाडी समोर आली. मला खरचटले. मास्तरांची मांडी मोडली. गावात सर्वांनी दोष बैलगाडीवाल्याला दिला आणि मी तो देऊ दिला. मास्तरही काही बोलले नाहीत. पुढे माझी बदली झाली.

मुले गप्प होती. साखळी जोडणाऱ्याचे हात तेवढे चालू होते. त्या बाईंच्या लेकाने विचारले, ‘‘मास्तर आहेत अजून?’’

‘‘आहेत.’’

‘‘मग कधी भेटला नाहीत?’’

रात्री मिशनमध्ये फोन करून मी त्यांच्या मुलाचा क्रमांक मिळविला. मास्तरांनी आवाज लगेच ओळखला. चूक माझी होती, हे मी सांगितले. पाय कसा आहे, हेही प्रथमच विचारले.

‘‘थंडीत दुखतो, फादर,’’ ते म्हणाले.