समुद्राची पोथी

गेल्या वर्षीं आमच्या नातवानें स्कॉटलंडहून एक पुस्तक पाठविलें. तो तेथें शिकावयास आहे, आणि सुटीच्या दिवशीं कयाक घेऊन समुद्रांत जातो. कयाक म्हणजे ग्रीनलंडकडील इन्युइट लोकांची, एकट्यानें वल्हवावयाची अरुंद होडी. घरांतील सर्वांच्या काळजीवर उतारा म्हणून त्यानें हें मार्गदर्शक पुस्तक धाडलें. 'पोथी वाचून का कोणी समुद्र तरतो?' असें आम्ही प्रथम हंसून म्हणालों.

पुस्तक वाचूं लागलों आणि हंसणें थांबलें. कोणत्या बेटापाशीं प्रवाह केव्हां फिरतो, कोठें उतरावयास वाळू आहे, कोठें मैलचे मैल नुसता कडा आहे, हें सारें त्यांत होतें. भरतीचें पाणी सुमारें सहा तास चढतें, पण सारखें चढत नाहीं. पहिल्या तासांत बारावा हिस्सा, दुसऱ्यांत दोन हिस्से, तिसऱ्या व चवथ्यांत तीन-तीन, पुढें दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्में पाणी! जुरा व स्कार्बा या बेटांमधील कॉरीव्ह्रेकनच्या सामुद्रधुनींत उधाणाचा प्रवाह ताशीं आठ सागरी मैलांहून अधिक वेगानें धांवतो. कयाक फार तर तीन-चार मैल जाते. तेथें मनगटाच्या बळाचा काय पाड?

हें वाचतांना आम्हांस बाळपणची एक गोष्ट आठवली. आमचे कोंकणांतील घर खाडीकांठीं होतें. एकदां घाटावरून आलेले चुलतभाऊ ऐन ओहोटींत होडी घेऊन निघाले आणि खाडीच्या मुखाकडे ओढले गेले. एका कोळ्यानें शर्थीनें त्यांस परत आणलें. वडील त्यास म्हणाले, "अरे, आधीं कां नाहीं सांगितलेंस?" तो शांतपणें म्हणाला, "इचारलंत कधी, अण्णा?" पौर्णिमा-अमावास्येस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हें सांगणारें पंचांग आमच्या घरांत खुंटीस टांगलेलें होतें, आम्ही त्यांत केवळ उपास-पारणें पाहत होतों!

मार्गदर्शक पुस्तकाचें मोल हेंच. ज्यांस विचारावें हें आपणांस सुचतही नाहीं, त्यांस तें आपल्याकरितां आधींच विचारून ठेवतें.

परंतु पुस्तक जवळ असणें निराळें आणि तें नीट वाचणें निराळें. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल जुरा बेटावर '१९८४' ही कादंबरी लिहीत असतां, १९४७ च्या ऑगस्टांत, भरतीचें कोष्टक वाचण्यांत चुकले आणि त्याच कॉरीव्ह्रेकनच्या भोंवऱ्यांत सांपडले. होडीचें इंजिन निखळून समुद्रांत गेलें. खडकाशीं पोंचतांना होडी उलटली. बरोबर तीन वर्षांचा मुलगा होता. शेवंडें धरणाऱ्या कोळ्यांनीं सर्वांस वांचविलें.

आम्हीं नातवास लिहिलें, 'कोष्टक दोनदां वाच, आणि होडी लोटण्यापूर्वीं किनाऱ्यावरील कोळ्यासही विचार.' परवां त्याचें उत्तर आलें. रविवारीं कोष्टक पाहून व एका म्हाताऱ्या कोळ्याचें ऐकून तो निघालाच नाहीं. किनाऱ्यावर चहा घेऊन परतला.

हें वाचून त्याच्या आजीनें देवापुढें साखर ठेवली.