दोन बोटांची फट

म्हातारपणी माणसाला कोणत्या विषयात गती येईल याचा नेम नाही. आमचे एक स्नेही साठीनंतर बासरी शिकू लागले. दुसऱ्यांनी गच्चीवर गुलाब लावले. मी मात्र, उभा जन्म शाळेत गणित शिकवून घरी बसलेला माणूस, हल्ली मोटारीच्या चाकांविषयी अधिकारवाणीने बोलू लागलो आहे. हसू नका. हे ज्ञान मला फुकट मिळालेले नाही.

त्याचे असे झाले. आमच्या चिरंजीवांनी गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी स्वतःच्या पगारातून एक जुनी, लहानशी गाडी घेतली. इथवर सारे ठीक होते. पेढे वाटले गेले, आईने बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले. पण महिन्याभराने एका संध्याकाळी ती गाडी दारात आली ती चाळीस मिलिमीटरनी बुटकी होऊन! मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवल्या होत्या. मांजराने दबा धरावा तशी ती रस्त्याला चिकटून बसली होती.

"आता वळणावर झुकत नाही, बाबा," चिरंजीव म्हणाले.

त्यावर मी काय बोललो ते दिवाळी अंकात लिहिण्याजोगे नाही. पुण्यातल्या गतिरोधकांची आठवण तर दिलीच. शिवाय कारखान्याने दिलेल्या गाडीत मनास येईल तसा फेरफार करता येत नाही असे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, हेही ऐकवले. "जुन्या स्प्रिंगा माळ्यावर ठेवल्यात," एवढेच उत्तर मिळाले. पुढे तीन आठवडे आम्हा बापलेकांचा सारा व्यवहार आमच्या सौ.च्या मार्फत चालला. "त्याला सांग, दूध आणायचं आहे." "बाबांना सांग, आणलंय." आणि हे एकाच टेबलाशी बसून!

एके रात्री त्या टेबलावर एक कागद दिसला. चिरंजीवांना आता मोठी चाके हवी होती, आणि त्यांनी हिशेब मांडला होता. गाडीच्या टायरवर लिहिलेले असते १८५/६५ आर १५. म्हणजे टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, रबराच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आणि आतली रिम १५ इंचांची. चाकाची एकूण उंची काढताना चिरंजीवांनी रबराची उंची एकदाच धरली होती. अहो, रबर वरही असते आणि खालीही! चूक दिसली की माझा हात शिवशिवतो. मी लाल शाई काढली, दुप्पट केली, उत्तर लिहिले : ६२१.५ मिलिमीटर.

सकाळी त्याच कागदावर खाली ओळ होती : "बरोबर, बाबा. आता २०५/४५ आर १७ आणि १९५/५५ आर १६ काढून द्याल?"

दिली. सतराचे उत्तर ६१६.३ आले, सोळाचे ६२०.९. मी चकित झालो. तिन्ही चाके जवळजवळ सारखीच उंच! रिम वाढते ती रबराच्या वाट्यातून. पंधराला रबराची भिंत १२० मिलिमीटरची, सोळाला १०७ची, सतराला अवघी ९२ची. खड्ड्याचा दणका आधी सोसायचा तो या रबराने. ते जितके थोडे, तितका दणका रिमला आणि आमच्या मणक्यांना जास्त. मी हे सारे समासात लिहिले. दुपारी चिरंजीव प्रथमच थेट माझ्याशी बोलले, "नाना पेठेत जातोय. येता?"

नाना पेठेतल्या त्या दुकानात माझे दुसरे शिक्षण झाले. चार नटांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास जुळावा लागतो. आमच्या गाडीचा १००. टायरलाही जन्मपत्रिका असते : कडेवर शेवटचे चार आकडे २३२४ असतील, तर त्याचा जन्म २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. शिळा टायर नव्याच्या भावाने घेऊ नये. आणि रिमवर 'ईटी' म्हणून एक आकडा असतो. तो जितका कमी, तितके चाक बाहेर येते. जुन्या रिमवर तो ४५ होता. चिरंजीवांना आवडलेल्या सतरा इंची रिमवर ३५.

त्यांनी हट्टाने मागे एक चाक बसवून पाहिले. देखणे दिसत होते, खोटे कशाला बोलू! टायर आणि वरचा पत्रा यांत दोन बोटांची फट होती.

"ही गाडी उभी असतानाची," म्हातारा मिस्त्री म्हणाला. "माणसं बसवा."

मागे मला, दुकानातल्या पोऱ्याला आणि एका अनोळखी गिऱ्हाइकाला बसवले. माझ्या वजनाचा असा शास्त्रीय उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता. मिस्त्रीने गाडी दाबून हलवली, आणि खर्र आवाज झाला. मी मनात आकडेमोड केली : ईटीमुळे दहा आणि रुंदीमुळे दहा, टायरची कड वीस मिलिमीटर बाहेर आली होती. पत्रा नेमका तिच्यावर टेकत होता. मग ईटी ४५चे सोळा इंची चाक आले. त्याची कड फक्त पाच मिलिमीटर बाहेर. पुन्हा आम्ही बसलो, पुन्हा गाडी हलली. चाक निमूटपणे पत्र्याच्या आत वर गेले आणि खाली आले.

"फट मोकळी दिसते, पण रिकामी नसते, साहेब," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "ती हलायची जागा."

चिरंजीवांनी सतराच्या चाकाकडे एकदा पाहिले आणि सोळाचे पैसे मोजले. मी स्प्रिंगांविषयी तोंडाशी आलेले वाक्य गिळले.

भाऊबीजेला आईला घेऊन आम्ही वाईला मामांकडे निघालो. गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा असे भारतीय रोड काँग्रेसचे प्रमाण आहे. आमच्या गल्लीच्या तोंडावरचा मात्र कोणाच्याच प्रमाणात बसत नाही. त्याच्याआधी गाडी थांबली. सौ. उतरल्या, मी उतरलो. आई तेवढी आत बसून राहिली. "मी कशाला उतरू? माझं वजन ते किती!" ती म्हणाली. "आणि एकदा उतरले की पुन्हा या खड्ड्यात बसवायला दोघं लागतील."

मी पुढे जाऊन वाकलो, गाडीच्या पोटाखाली पाहिले आणि हात केला. "ये. सावकाश. थोडा डावीकडे. ये, ये..."

"लागतंय का, बाबा?"

"नाही. एक बोट आहे अजून. ये."