थेंब कुठे पडतो?

बर्सरी मिळाल्याची मेल आली तेव्हा मी लंडनमध्ये पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. न्यूकॅसलला बायोप्रोसेसिंगची परिषद होती. पोस्टर लावणाऱ्या काही विद्यार्थ्यांना नोंदणी शुल्क माफ, वर रेल्वेभाडं आणि एका रात्रीचं हॉटेल. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे सगळं फुकट?" हो म्हटलं, फोन ठेवला आणि मेलची शेवटची ओळ वाचली. खर्च आधी स्वतः करायचा, मग पावत्या पाठवायच्या, सहा आठवड्यांत पैसे खात्यात. त्या दिवशी चोवीस तारीख होती. हा नियम ज्यांनी केला त्यांच्या महिन्यात चोवीस तारीख येतच नसावी.

हे रडगाणं मी पायलट प्लॅन्टमध्ये गायले. तिथले टेक्निशियन साठीला टेकलेले, बोलायला कंजूष. त्यांनी व्हॉल्व्ह पुसता पुसता सगळं ऐकून घेतलं, हात धुतले, लॉकरमधून कार्ड आणलं आणि माझ्या शेजारी बसून तिकीट आणि हॉटेल दोन्ही बुक करून टाकलं. "पैसे आले की दे." एवढंच. एरवी मी त्यांच्याशी बोलायचे ते टाकी कधी मोकळी होणार हे विचारण्यापुरतं.

पोस्टर ए-झीरो आकाराचं, ८४१ मिलिमीटर रुंद आणि ११८९ उंच. नळीत गुंडाळलेलं ते घोंगडं गाडीत वरच्या फळीवर मावेना, म्हणून डरहॅमचं कॅथीड्रल दिसेपर्यंत ते मांडीवरच होतं. विषय अँटिबॉडीच्या गुठळ्यांचा. पेशी वाढवल्या की द्रवात अँटिबॉडीबरोबर हजार गोष्टी असतात. प्रोटीन-ए चा कॉलम त्यातून नेमकी अँटिबॉडी धरून ठेवतो. ती सोडवायची तर आम्ल द्यावं लागतं, पीएच साडेतीनच्या आसपास. तशाच आंबट द्रवात ती तासभर ठेवतात, म्हणजे चुकून विषाणू आला असेल तर निकामी होतो. मग अल्कली घालून पीएच वर आणायचा. या सगळ्या खटाटोपात काही रेणू एकमेकांना चिकटतात, आणि औषधात अशी गुठळी गेली तर शरीर औषधावरच उलटू शकतं.

माझं म्हणणं साधं होतं, आम्ल जितकं तीव्र तितक्या गुठळ्या जास्त. आलेखावर अठरा ठिपके. पंधरा रेषेवर शहाण्यासारखे बसलेले, तीन पार वर उडालेले. कबूलच करते, ती रेषा मी मुद्दाम जाड केली होती, म्हणजे नजर तिच्यावरच राहील.

दोन तास बहुतेक लोक मान हलवून कॉफीकडे गेले. मग एक म्हातारे गृहस्थ आले. गळ्यातला बिल्ला उलटा झालेला, हातात अर्धं बिस्कीट. निवृत्त इंजिनीअर आहे म्हणाले. रेषेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बिस्किटाने ते तीन ठिपके दाखवले आणि विचारलं, "या दिवशी अल्कलीचा थेंब कुठे पडत होता?"

मी म्हणाले, बीकरमध्ये.

"बीकरमध्ये कुठे?"

मला घाम फुटला. आठवलं. त्या आठवड्यात पंपाची नळी आखूड पडत होती, म्हणून ती ढवळणीजवळ न बुडवता काठावरून सोडली होती. थेंब पृष्ठभागावर पडायचा आणि विरघळून पसरेपर्यंत क्षणभर तिथे नुसती अल्कलीच. अँटिबॉडीला तेवढा क्षण पुरतो. त्यांनी माझ्याच पेनाने हँडआउटच्या पाठीवर हजार लिटरची टाकी काढली. तिथे थेंब पसरायला किती जास्त वेळ लागेल, ते हिशेब करून दाखवलं. पाऊण तास उभे होते. नाव विचारायचं माझ्या लक्षात आलं तेव्हा ते गर्दीत दिसेनासे झाले होते.

रात्री हॉटेलवरून बाबांना फोन केला. तीन ठिपक्यांची गोष्ट सुरू केली, अर्ध्यावर आले नसेन, तोच ते म्हणाले, "अल्कली वरून सोडलीस काय?"

बाबांची नोकरी पिंपरीच्या एच.ए.त, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, फर्मेंटेशनला झाली. १९५४ साली सरकारने काढलेली ही कंपनी. उभारणीला युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेने हात दिला होता. म्हणजे आमच्या घरातली चूलसुद्धा मुळात एका बर्सरीवरच पेटलेली. हमायसिन हे बुरशीवरचं औषध तिथलंच. ते ज्या जंतूपासून मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंपरीना. लहानपणी बाबा रात्रपाळीहून आले की कपड्यांना आंबूस वास यायचा आणि मी नाक धरून पळायचे. पेनिसिलिनच्या टाकीत अमोनिया कुठून सोडायचा यावर त्यांनी किती रात्री काढल्या, हे मला त्या फोनवर कळलं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी.

बर्सरीचे पैसे सहा नव्हे, नऊ आठवड्यांनी आले. पावती हरवलेल्या एका सँडविचचे कापून. टेक्निशियनना मी पाकीट दिलं, ते त्यांनी न मोजता लॉकरमध्ये टाकलं आणि मला नळी बुडवायची एक स्टीलची पकड दिली. स्वतः वाकवून केलेली.

पोस्टर सुट्टीत पिंपरीला नेलं. लॅमिनेट केलेलं, म्हणून आईचा त्यावर कुरडया वाळवायचा बेत होता. बाबांनी वाळवू दिल्या नाहीत. ते आता आतल्या खोलीच्या दारामागे आहे, खालचा कोपरा उचकटलेला, आणि त्या तीन ठिपक्यांभोवती बाबांनी मार्करने गोल केलाय.