तोंडावरचा हात

आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर सांभाळून घ्या. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण मला चिडवायची सगळी नावं मराठी होती. शाळेत ‘किसणी’, हॉस्टेलवर ‘तारासिंग’!

माझे वरचे दात पुढे आलेले आणि एकमेकांवर चढलेले. सातवीत असताना डेंटिस्ट म्हणाले होते, “तारा आत्ताच लावा, वाढत्या वयात जबड्यालाही वळण देता येतं.” नेमकी त्याच वर्षी बाबांची कंपनी बंद पडली. घरात तो विषय परत निघाला नाही. मीही काढला नाही. ग्रुप फोटोत ओठ मिटून हसायचं, बोलताना तोंडावर हात धरायचा. पुढे पुढे तो हात तिथे असतो हेच मला कळेनासं झालं.

कळलं ते सेकंड इयरच्या व्हायव्हात. उत्तर येत होतं. एक्स्टर्नल म्हणाले, “हात खाली घ्या, काही ऐकू येत नाही.” हात खाली घेतला आणि उत्तरच गेलं.

सुट्टीत घाबरत बाबांना विचारलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “सात वर्षं डोक्यात आहे गं माझ्या.” त्यांनी पतपेढीतून कर्ज काढलं. मावशीने विचारलं, “आता लग्नाचं बघताय वाटतं?” मी म्हटलं, “नाही, व्हायव्हाचं.”

क्लिनिकमध्ये माझ्या शेजारी पाचवीतला एक मुलगा. “ताई, तुम्ही पण?” हो रे बाबा, मी पण! डॉक्टर म्हणाले, हिरड्या आणि हाड चांगलं असेल तर दात कुठल्याही वयात हलवता येतात. पण माझ्या जबड्याची वाढ संपलेली, म्हणून जागा करायला सुळ्यांमागचे चार दात काढावे लागले. दात सरकतो कसा, तर ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड हळूहळू विरघळतं आणि मागच्या बाजूला नवीन भरतं. जोर वाढवून काम लवकर होत नाही. दाब हलकाच लागतो, पण सतत.

तार घट्ट केली की दोन-तीन दिवस हाल. चिक्की बंद, ऊस बंद. मेसच्या मावशी न सांगता माझ्या ताटात भाकरी आमटीत कुस्करून द्यायच्या.

यंदा मटेरियल्सच्या व्हायव्हात प्रश्न आला, “शेप मेमरी अलॉयचं उदाहरण?” मी म्हटलं, “सर, निकेल-टायटॅनियम. माझी पहिली तार त्याचीच होती. कशीही वाकवून बसवा, ती आपल्या मूळ आकारात यायला बघते आणि दातांना ओढत नेते.” सर हसले. मीही हसले, दात दाखवून. बाहेर आल्यावर लक्षात आलं, दोन्ही हात टेबलावर होते.

पुढच्या महिन्यात तारा निघणार. मग रिटेनर घालायचा, कारण दातांना जुनी जागा आठवते. हातालाही आठवते. परवा कॅन्टीनमध्ये हसताना तो अर्ध्यापर्यंत वर आलाच होता. मी त्या हाताने चहाचा ग्लास उचलला.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)