कन्या चार

गेल्या वर्षी आषाढात धाकट्या बहिणीला घेऊन खारघरला गेले. नेरुळला राहूनही त्या बाजूला माझे जाणे फारसे होत नसे. टेकड्यांवरून पाण्याचे पांढरे ओघळ उतरत होते आणि ‘अ‍ॅक्ट्रेक’च्या आवारात छत्र्या मिटवत लोक रांगेला लागत होते. १९५२ साली परळला स्थापन झालेल्या कर्करोग संशोधन केंद्राचे बिऱ्हाड या शतकाच्या आरंभी इथे आले, एवढेच मला ठाऊक होते. बहिणीला एकोणचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता, शस्त्रक्रिया आणि औषधे पार पडली होती. आई याच आजाराने २०१४ साली गेली. तेव्हा आता रक्ताची तपासणी करून घ्यावी, असे डॉक्टरांचे म्हणणे होते.

समुपदेशक बाईंनी पुढ्यात कोरा कागद ओढला आणि म्हणाल्या, ‘‘तीन पिढ्या सांगा. जमल्यास चार.’’ पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. आजार झालेला असेल तर आकृती काळी करायची, माणूस हयात नसेल तर तिच्यावरून तिरकी रेघ. मी मराठीची प्राध्यापक. वंशावळी, बखरी, शकावल्या यांत अर्धे आयुष्य गेलेले. आईच्या माहेरचा छापील कुलवृत्तांतही घरात होता. संध्याकाळी तो काढला. पणजोबांच्या नावापुढे दोन मुलगे त्यांच्या जन्मसालांसह, शिक्षणासह, नोकऱ्यांसह नोंदलेले होते. त्याखाली दोनच शब्द होते : कन्या चार.

या चौघींची नावे शोधण्यात माझे तीन महिने गेले. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव तर बदलतेच, पुष्कळदा नावही बदलते. माहेरची द्वारका सासरी लक्ष्मी होते आणि मग द्वारका नावाचे माणूस कागदोपत्री उरतच नाही. चौघींपैकी हयात एकच, आईची धाकटी आत्या. राजापूरजवळ मुलाकडे असते, वय शहाऐंशी. दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे गेले. ती म्हणाली, ‘‘अगो, द्वारकीच्या पोटात पाणी झालं हो. चाळिशी गाठली नव्हती. आणि मथीला छातीत गाठ होती, पण ती कुणाला दाखवायची? पदराआड ठेवलीन्‌ शेवटपर्यंत.’’ पोटात पाणी होणे म्हणजे बहुधा अंडाशयाचा कर्करोग, हे मला आता समजते. कोकणातल्या त्या घरात तो ‘पोटाचा विकार’ होता, आणि काहींच्या मते शेजारणीची करणी.

तपासणीचा अहवाल आला तो या शोधाच्या मधेच. त्याबद्दल लिहिण्याआधी थोडी पूर्वपीठिका सांगणे भाग आहे. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली दाखवून दिले, की काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचे मूळ सतराव्या गुणसूत्रावर आहे. ते जनुक, ‘बीआरसीए-१’, १९९४ साली हाती लागले. दुसरे, तेराव्या गुणसूत्रावरचे, पुढच्याच वर्षी. ही जनुके वास्तविक रक्षकांची. पेशीतील जनुकद्रव्य तुटले की ते नीट सांधण्याच्या कामी ती येतात. त्यांत बिघाड असला की दुरुस्ती राहून जाते आणि चुका साचत जातात. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभरांतील पाच-दहाच रुग्णांच्या बाबतीत असा आनुवंशिक दोष कारण असतो; पण ज्या घरात तो असतो तिथे प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी. मी हे पुनःपुन्हा वाचले. मुलगा असो की मुलगी. म्हणजे द्वारका आणि मथी यांच्याकडून आईकडे येणारी वाट आजोबांवरून जात होती. आजोबा नव्वदीपर्यंत ठणठणीत होते.

बिघाड म्हणजे काय, हे मी एम.ए.च्या वर्गात फळ्यावर लिहून दाखवले. (विषय पाठचिकित्सेचा होता, त्यामुळे प्राचार्यांनी आक्षेप घेण्याचे कारण नव्हते.) जनुकातला मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचला जातो. समजा, वाक्य आहे ‘कमल नजर वळव’. आरंभीची दोन अक्षरे गळाली आणि वाचणारा तरीही तीन-तीनच अक्षरे घेत राहिला, तर हाती येते ‘लनज रवळ व’. ‘बीआरसीए-१’मधला एक बहुचर्चित दोष नेमका असाच, दोन अक्षरे गळाल्याचा आहे. मुले हसली. एका मुलीने विचारले, ‘‘मॅडम, पण एखादंच अक्षर बदललं आणि शब्द अर्थपूर्णच राहिला तर?’’

बहिणीच्या अहवालात नेमके तेच होते. एका अक्षराच्या जागी दुसरे. अहवालाच्या भाषेत : अर्थ अनिश्चित असलेला बदल. रोगकारकही म्हणता येत नाही, निरुपद्रवीही म्हणता येत नाही. समुपदेशक बाई शांतपणे म्हणाल्या, की या निष्कर्षावर कोणताही निर्णय घ्यायचा नाही, आणि याच्या आधारे माझी किंवा माझ्या मुलीची तपासणी करण्यातही तूर्त अर्थ नाही. बहीण बाहेर आल्यावर म्हणाली, ‘‘ताई, नापास झाले असते तरी चाललं असतं गं. हा निकाल राखून ठेवलाय.’’

पाठभेदाचे मोल एकट्या प्रतीवरून ठरत नाही, हे आम्हा मराठीवाल्यांना कुणी शिकवायला नको. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती हाती आलेले पाठ ताडून पाहूनच. भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू झालेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ पर्यंत चालले, कारण काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या एकमेकींशेजारी ठेवाव्या लागल्या. मानवी जनुकसंचाचे, त्या तीन अब्ज अक्षरांचे, काम १९९० मध्ये सुरू झाले. २००० साली कच्चा मसुदा जाहीर झाला, २००३ मध्ये ते पूर्ण झाल्याची घोषणा झाली आणि राहिलेल्या गाळलेल्या जागा २०२२ मध्ये भरल्या गेल्या. पण जगभर प्रमाण मानल्या गेलेल्या त्या संहितेचा सुमारे सत्तर टक्के भाग अमेरिकेतल्या बफेलो शहरातील एकाच अनामिक माणसाचा आहे. पुढे ताडून पाहिलेल्या प्रतीही बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या. मग राजापूरच्या घराण्यातले एखादे वेगळे अक्षर ही चूक आहे की आमच्याकडचे नेहमीचे शुद्धलेखन, हे कसे ठरवायचे? दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचण्याचा प्रकल्प २०२० मध्ये सुरू झाला आणि त्याची सामग्री जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. गंमत अशी, की मुंबईतच वसंत रामजी खानोलकर आणि ल. द. संघवी यांनी १९४९च्या सुमारास या शहरातील सहा अंतर्विवाही समूहांची आनुवंशिक लक्षणे तपासली होती. आपापल्या जातीत लग्ने करणाऱ्या समाजात प्रत्येक जातीची पोथी वेगळी होत जाते, हे त्यांच्या केव्हाच ध्यानात आले होते. खानोलकर हेच पुढे परळच्या त्या केंद्राचे पहिले संचालक झाले.

दुसरा मार्ग घरातला. हे अक्षर घराण्यातल्या आजारी माणसांबरोबर चालत आले आहे की निरोगी माणसांतही सुखाने नांदते आहे, ते पाहायचे. त्यासाठी मृतांची नावे हवीत आणि जिवंतांचे रक्त. आत्याआजीने आनंदाने दिले; ‘‘एवढंच? मला वाटलं बाटली काढतील.’’ मामाने नकार दिला. मामेबहिणीचे लग्न ठरत आले आहे. ‘‘हा बायकांचा आजार, मला कशाला त्यात गुंतवतेस?’’ असे आधी म्हणाला. आजोबांची गोष्ट सांगितल्यावर गप्प झाला, आणि मग हळूच म्हणाला, ‘‘अगं, पत्रिका बघणारे लोक उद्या हा कागद मागायला लागतील.’’

मला त्याचा राग आला, अजूनही थोडा आहे. पण त्याचे म्हणणे खोडून काढता आले नाही. सासरकडच्यांनी मुलीच्या जनुकांचा दाखला मागायचा आणि मुलाच्या जनुकांविषयी अवाक्षर काढायचे नाही, असे होणारच नाही, याची हमी मी कशी देणार? त्याच वेळी त्या मुलीला, माझ्या मामेबहिणीला, यातले काहीच माहीत नाही, हेही मला झोपू देत नाही. ती एकोणतीस वर्षांची आहे, स्वतः कमावते, वाशीला नोकरीला आहे. तिचे रक्त तिचे आहे. समुपदेशक बाई म्हणतात की सांगण्याचा अधिकार बहिणीचा, कारण अहवाल तिचा. बहीण म्हणते, लग्न होऊन जाऊ दे. मी हार्बरच्या गाडीत कधीतरी मामेबहीण भेटेल म्हणून डब्यात चढताना आधी सगळीकडे पाहते आणि ती नाही असे दिसले की हायसे वाटते.

परवा रात्री नऊला आत्याआजीचा फोन आला. इतक्या उशिरा ती कधी करत नाही. म्हणाली, ‘‘अगो, तू चौघी विचारल्या होत्यास ना? मी, द्वारकी, मथी, आणि चौथीचं नाव काही केल्या आठवेना. आज दिवा लावताना आठवलं. यमू. लग्नाआधीच गेली, म्हणून कुणी काढत नाही तिचं नाव. लिहून घे.’’

मी कागद घेतला आणि एक वर्तुळ काढले. ती कशाने गेली, हे विचारायच्या आत रेंज गेली.