रंगाची पत्र्याची पेटी

माझ्या छंदाविषयीं लिहावें कीं न लिहावें, हा विचार मी पुष्कळ दिवस करीत होतें. तिकिटें जमविणें, चित्रें काढणें, फुलझाडें लावणें असे छंद सांगितले, तर वडील माणसें संतोषानें मान डोलवितात. परंतु ‘मला तोंड रंगविण्याचा नाद आहे’ असें एखाद्या मुलीनें सांगितलें, कीं लोक तिच्या आईबापांकडे दयेनें पाहूं लागतात. माझ्या बाबतींत तर पोशाखाचीही भर आहे. हिंदमात्याच्या दुकानांतून आणलेले काळे कटपीस आणि दोन मोडक्या छत्र्यांचें कापड जोडून मीं एक घेरदार झगा शिवला आहे. शिलाई जेथें सुबक आली नाहीं, तेथें सेफ्टी पिनांची रांग लावली आहे. डोळ्यांभोंवतीं जाड काजळ घालून व तो झगा अंगांत चढवून मी एका रविवारीं दादरच्या चौपाटीवर जावयास निघालें, तेव्हां भोईवाड्यांतील आमच्या चाळीच्या साऱ्या गॅलऱ्या माणसांनीं भरून गेल्या. बाबा तीन दिवस माझ्याशीं बोलले नाहींत. आजोबा मात्र हंसून म्हणाले, “संकासुर शोभतंस गो!”

आजोबा मूळचे कुडाळकडचे. त्यांच्या गांवीं जत्रेच्या रात्रीं दशावतार होई. त्यांतला वेद पळविणारा संकासुर म्हणजे अंगभर काळा पोशाख, तोंडावर काळा बुरखा आणि त्यांतून लोंबणारी तांबडी जीभ. लहान मुलें भीतीनें किंचाळत. तरी त्याचीच वाट पाहत. दशावतारी नटांना रंगविणारा मनुष्य निराळा नसतो. प्रत्येक नट आपापल्या ट्रंकेपाशीं हातांत आरसा घेऊन बसतो आणि स्वतःचें तोंड स्वतःच रंगवितो. लंडनमध्यें १९७६ च्या सुमारास पंक म्हणविणाऱ्या तरुणांनीं फाटके कपडे पिनांनीं जोडून व डोळे काळे करून लोकांना चकित केलें, असें मीं वाचलें आहे. त्यांना कुडाळची जत्रा कोणी दाखविली असती, तर बरें झालें असतें!

या छंदाला पैसा फार लागतो, हा समज मात्र चुकीचा आहे. माझें सारें साहित्य दोनशें चाळीस रुपयांत आलें. एकच तांबडी लिपस्टिक ओंठांना पुरते, बोटानें पसरली म्हणजे गालांनाही पुरते, आणि तींत काजळ कालविलें कीं पिकल्या जांभळासारखा रंग तयार होतो. भुंवयांना जुना दांत घासण्याचा ब्रश. काजळ आजी घरींच पाडीत असे. तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी धरावयाची, आणि बसलेली काजळी पुन्हां तुपांत खलावयाची. मीं एकदां रस्त्यावरून बिननांवाचें काजळ घेतलें व दोन दिवस लाल डोळ्यांनीं काढले. तेव्हांपासून कोणतीही नवी वस्तु आधीं कोपराच्या आंतल्या बाजूस लावून मी एक दिवस थांबतें.

खरी अडचण निराळीच होती. मी सांवळी आहें; सांवळी म्हणणें हाही आईचा सौजन्याचा शब्द आहे. कोपऱ्यावरच्या दुकानांत चेहऱ्याला लावावयाचा स्वस्त रंग दोनच छटांत मिळे, आणि दोन्ही माझ्याहून गोऱ्या. तो लावून मी आरशांत पाहिलें, तों चेहरा राखेसारखा दिसूं लागला. आईला तो आवडला. ती मला सातवीपासून एक मलम लावीत आली आहे. १९७५ पासून या देशांत खपत असलेल्या त्या मलमानें २०२० सालीं आपल्या नांवांतून गोरेपणाचा शब्द काढून टाकला. आमच्या घरीं ट्यूब पिळण्याची रीत होती तीच राहिली.

आजोबांनीं मला दिव्यापाशीं नेलें, हनुवटी वर केली आणि म्हणाले, “ह्यां तोंड नाय गो, ही चुन्याची भिंत!” मग त्यांनीं माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढली. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तोंपर्यंत आजोबा साचे चालवीत. आणि पाळी सुटल्यावर कामगारांच्या नाटकांत मंडळींचीं तोंडें रंगवीत. परळचें दामोदर नाट्यगृह, जें सोशल सर्व्हिस लीगनें १९२२ सालीं उभारलें आणि जें २०२३ सालीं पुनर्बांधणीसाठीं बंद झालें, तें त्यांचें देवालय. पेटींत सफेदा, पिवडी व गेरू यांच्या पुड्या होत्या. त्यांची युक्ति अशी: काळ्या कातडीवर नुसता सफेदा बसला कीं निळसर राख दिसते, म्हणून त्यांत पिवडी आणि गेरू खोबरेल तेलांत घोटून मिसळावयाचे, जोंपर्यंत रंग मनगटाशीं मिळत नाहीं तोंपर्यंत. पुढें मीं वाचलें, कीं बर्लिनच्या लाइख्नर नांवाच्या गायकानें १८७३ पासून विकलेल्या रंगकांड्यांपैकीं ५ क्रमांकाची पिवळट आणि ९ क्रमांकाची विटकरी, ही जोडी इंग्रज नटांत पिढ्यान् पिढ्या चालली. आजोबांनीं तें नांवही ऐकलेलें नव्हतें. पेटींतल्या शेंदुराला मात्र त्यांनीं मला हात लावूं दिला नाहीं. त्यांत शिसें असतें. मी आतां दुकानच्या फिकट रंगांत नारिंगी लिपस्टिकचा कण व चिमूटभर हळद घालतें, आणि चेहरा माझाच राहतो.

गेल्या गणेशोत्सवांत आमच्या चाळींत मुलांचें ‘सावित्री’ नाटक होतें. ठरविलेला रंगारी आला नाहीं. सात मुलांचीं तोंडें मजकडे आलीं. बाबांनीं आपण होऊन दिवा धरला आणि सबंध तासांत एकच वाक्य बोलले, “डावी भुंवई वर गेली आहे.” सावित्री होणारी मुलगी माझ्याहूनही काळी. तिच्या आईनें मला बाजूस घेऊन हळूच सांगितलें, “हिला जरा उजळ कर, राजकन्या आहे.” मीं मान डोलविली, आणि तिच्या मनगटाशीं जुळवून तिचाच रंग तयार केला. डोळ्यांना लांब रेघ, ओंठांना जांभळी छटा, कपाळावर चंद्रकोर. यमापाठोपाठ ती निघाली तेव्हां मागच्या रांगेंतून आजोबांनीं माझ्याकडे पाहून बोट वर केलें.

नाटक संपल्यावर छायाचित्र काढावयाचें होतें. तेवढ्यांत तिच्या आईनें ओल्या टॉवेलानें तिचें तोंड पुसलें आणि वर पांढऱ्या पावडरीचा जाड हात फिरविला. मी तेथेंच उभी होतें. कांहीं बोललें नाहीं. तें छायाचित्र मंडळाच्या खोलींत अजून टांगलेलें आहे. त्यांत तिच्या गळ्याचा रंग खरा आला आहे.